डायव्ह कॉम्प्युटरसाठी कर्ज मंजूर करण्याआधी



मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यातल्या गटांत हल्ली कर्जाच्या मागणीत एक नवीन वस्तू येऊ लागली आहे, डायव्ह कॉम्प्युटर. पर्यटकांना स्कुबासाठी पाण्याखाली नेणारी आपली मुलं, आणि आता काही मुलीसुद्धा, ते मागतात. मग बैठकीत प्रश्न येतोच, "असला कसला घड्याळ ह्या, सोन्याचा आसा काय?"

प्रश्न बरोबर आहे. पैसा गटाचा आहे, तो कशावर जातोय ते कळलंच पाहिजे. म्हणून हे यंत्र काय करतं, कमी पैशात कोणतं घ्यावं आणि कर्ज देताना काय विचारावं, ते इथे सांगते.

हे घड्याळ करतं काय?

पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की अंगावर एक हवेचा दाब वाढतो. दहा मीटरवर वरच्यापेक्षा दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. आपण घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो. माणूस सावकाश वर आला तर श्वासावाटे निघून जातो. झटकन वर आला तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं होतं, अंगातच बुडबुडे धरतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. यात सांधे दुखतात, मुंग्या येतात, आणि वाईट झालं तर हातपाय लुळे पडतात.

किती खोल, किती वेळ राहिलं तर चालतं, याचे पहिले शास्त्रशुद्ध तक्ते जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये छापले. त्यासाठी त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले होते. आज पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात पहिल्या डुबकीसाठी १२ मीटरवर १४७ मिनिटं, १८ मीटरवर ५६ मिनिटं आणि ३० मीटरवर फक्त २० मिनिटं दिली आहेत. खोली वाढली की वेळ किती भरभर कमी होतो, ते बघा.

डायव्ह कॉम्प्युटर हाच हिशोब मनगटावर सतत करत राहतो. आत्ता किती खोल, किती मिनिटं उरली, वर येण्याचा वेग जास्त तर नाही ना, हे तो दाखवतो. सकाळच्या डुबकीतला किती नायट्रोजन अंगात शिल्लक आहे, तेही तो दुपारच्या डुबकीत धरतो.

"आमच्याकडे पाणी उथळ, मग कशाला?"

पर्यटकांना नेतात ती जागा बहुतेक वेळा उथळ असते, हे खरं. पर्यटक एकदाच उतरतो, त्याला याची गरज नाही. पण आपला मुलगा हंगामात दिवसभर उतरतो, वर येतो, परत उतरतो. पुन्हापुन्हा वर-खाली होणं अंगाला बरं नाही, आणि असा हिशोब डोक्यात ठेवणं कठीण असतं. शिवाय काही मुलं कामासाठी नेत्राणीला किंवा अंदमानला जातात, तिथे डुबक्या जास्त खोल असू शकतात.

मात्र शिकाऊ मुलाने आधी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घ्यावं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहेच. पोहणं आणि शिस्त कच्ची असेल तर महागातलं घड्याळसुद्धा वाचवत नाही.

कमी पैशात कोणतं घ्यावं?

साधं, मनगटावर बांधायचं, सुरुवातीच्या दर्जाचं यंत्र पुरतं. इटलीच्या क्रेसी कंपनीचं लिओनार्दो, मारेस कंपनीचं पक प्रो आणि फिनलंडच्या सुंतो कंपनीचं झूप नोवो ही या वर्गातली ओळखीची नावं. यातल्या साध्या यंत्रांची किंमत अमेरिकेत २०० डॉलरच्या आसपास असते. आपल्याकडे त्यावर आयात शुल्क आणि कर चढतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी लेखी भाव मागा.

बघायच्या गोष्टी अशा:

१. आकडे मोठे आणि ठळक हवेत. गढूळ पाण्यात एका नजरेत वाचता आले पाहिजेत. रंगीत पडदा दिसायला छान, पण त्याचे पैसे वेगळे पडतात.

२. सेल घरी बदलता यायला हवा. काही यंत्रं सेलसाठी कंपनीकडे पाठवावी लागतात, मग ऐन हंगामात हात रिकामा. सेलच्या झाकणाला कुकरसारखी रबरी रिंग असते. ती झिजली की पाणी आत, यंत्र बाद. सेल घेताना रिंगही घेऊन ठेवा. हे बटणासारखे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं.

३. नायट्रॉक्सची सोय. नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा. ही सोय बहुतेक साध्या यंत्रांतही असते, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

४. सावधगिरीची पातळी वाढवता यावी. रोज उतरणाऱ्याने हिशोब थोडा कडकच ठेवलेला बरा.

५. सिलिंडरमधली हवा बिनतारी दाखवणारी सोय नको. ती महाग असते, आणि हवेचं मीटर सिलिंडरच्या नळीला असतंच.

६. साधं स्मार्ट वॉच चालत नाही. त्यावर "५० मीटर वॉटरप्रूफ" लिहिलेलं असलं तरी ते नायट्रोजनचा हिशोब करत नाही. खोली आणि वेळ मोजण्यासाठीचं ईएन १३३१९ हे मानक माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे का, ते बघा.

जुनं घेतलं तर?

चालेल, पण पारखून. सेलचं झाकण उघडून आत हिरवट गंज आहे का पाहा. सगळी बटणं दाबून बघा. एका डुबकीत दुसऱ्याच्या चांगल्या यंत्राशेजारी धरून दोन्हींची खोली जुळते का ते तपासा. विकणारा "पाण्यात नेऊन बघू नका" म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

दोघांत एक घेऊ नका

आपल्या गटांची सवय आहे, दोघींत एक शिलाई मशीन, चौघींत एक गिरणी. ही सवय चांगली, पण इथे ती चालत नाही. हे यंत्र ज्याच्या मनगटावर असतं त्याच्याच डुबक्या मोजतं. सकाळी थोरल्याने बांधलं आणि दुपारी धाकट्याने, तर धाकट्याला थोरल्याचा हिशोब दिसणार आणि थोरला बिनहिशोबी उतरणार. दोन भाऊ उतरत असतील तर यंत्रं दोन. पैसे एकाचेच असतील तर ज्याच्या डुबक्या जास्त आणि खोल, त्याला आधी.

कर्जाचा हिशोब

समजा, गटाने २०,००० रुपये शेकडा १ रुपया महिना व्याजाने दिले. हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे हप्ते आठ. दर महिन्याला मुद्दल २,५०० रुपये. व्याज पहिल्या महिन्यात २००, मग १७५, असं उतरत शेवटी २५. एकूण व्याज ९०० रुपये. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, म्हणून जून ते सप्टेंबर हप्ता लावू नका. सप्टेंबर संपता संपता कर्ज दिलंत तर पहिल्या हप्त्यापासून कमाई हातात असते.

बैठकीत हे विचारा आणि इतिवृत्तात लिहा: प्रमाणपत्र आहे का? दिवसाला किती डुबक्या? जीएसटीचं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मिळणार का? बिघडलं तर दुरुस्ती कुठे? आणि एक महत्त्वाचं, बोटीचा मालक किंवा केंद्र यातला काही खर्च उचलणार का? मुलगा त्यांच्या धंद्यासाठी उतरतो, तेव्हा विचारायला लाजू नका.

घरच्या बाईने लक्षात ठेवायचं

हे यंत्र धोका कमी करतं, संपवत नाही. त्याने इशारा दिला तर ऐकावं. बहुतेक यंत्रं मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने वर आलं की वाजतात. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची चांगली पद्धत आहे. दिवसभर डुबक्या मारून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून जाऊ नये. आंबोली जवळजवळ ७०० मीटर उंच आहे, आणि वर दाब कमी होतो. विमानासाठी तर एकापेक्षा जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबायचं असतं.

त्रास कधीकधी वर आल्यावर काही तासांनी सुरू होतो. मुलगा घरी येऊन जेवायला बसतो आणि म्हणतो, खांदा दुखतोय, बोटांना मुंग्या येतायत. आपण म्हणतो कामाने अंग दुखत असेल, आणि बाम चोळतो. तसं करू नका. आज किती वेळा उतरलास, किती खोल गेलास, पटकन वर आलास का, हे विचारा. चक्कर, मुंग्या, बधीरपणा, सांधेदुखी, अंगावर चट्टे यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा आणि "स्कुबा डायव्हिंग करून आलाय, ऑक्सिजन लागेल" हे स्पष्ट सांगा. मनगटावरचं यंत्र सोबत न्या. त्यात डुबक्यांची नोंद असते, डॉक्टरांना ती उपयोगी पडते. बरं वाटलं म्हणून त्याला परत पाण्यात जाऊ देऊ नका.

पुढच्या बैठकीत अशी मागणी आली तर हा अंक सोबत ठेवा आणि हे प्रश्न वाचून दाखवा. मागणी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीलाही बैठकीला बोलवा. उत्तरं त्यांच्याच तोंडून ऐका, मग सही करा.