अडकित्त्याची बोथट बाजू

तुमच्या इथल्या घरात आजीचा अडकित्ता असेल (चेक-इन बॅगेतून आलेला, अर्थातच), तर तो एकदा उघडून पाहा. धार वरच्या पात्याला. खालची बाजू बोथट, सुपारी नुसती पेलून धरणारी. पण ती खालची बाजू काढून टाकलीत, तर वरच्या पात्याला कितीही धार असो, सुपारी काही फुटायची नाही.

आपल्या पेशींमध्ये असेच अडकित्ते आहेत. त्यांचं नाव कॅल्पेन. ही प्रथिनं कापणारी एन्झाइम्स आहेत आणि कॅल्शियम मिळाल्याशिवाय ती कामाला लागत नाहीत. नावातलं 'कॅल' कॅल्शियमचं, 'पेन' पपेनचं. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं एन्झाइम. मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपईचा तुकडा वाटून लावतो, तो त्याच्याच भरवशावर. दोघांची कापायची रासायनिक रीत सारखी आहे. इथल्या दुकानांत 'एज्ड' असं लेबल लावलेलं महागडं बीफ मिळतं, ते मऊ पडतं मुख्यतः त्या स्नायूतल्याच कॅल्पेनमुळे. पपई बाहेरून लावायची गरज नाही! फरक एवढाच, की पपेन दिसेल ते कापत सुटतं. कॅल्पेन मात्र प्रथिनाला एकदोन ठरावीक ठिकाणीच छेद देतं, आणि तेवढ्याने त्या प्रथिनाचं काम बदलतं.

शरीरात सगळीकडे आढळणारी कॅल्पेन्स दोन: कॅल्पेन-१ आणि कॅल्पेन-२. प्रत्येकाचे दोन भाग. मोठा भाग सुमारे ८० हजार डाल्टनचा, तो कापतो. छोटा भाग सुमारे २८ हजारांचा, तो काहीच कापत नाही. मोठे भाग दोन वेगळ्या जनुकांवरून बनतात, पण छोटा भाग दोघांनाही एकच लागतो. त्याचं जनुक आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, नाव कॅपएनएस-१. त्याच्यावरून बनणाऱ्या २६८ अमिनो आम्लांच्या साखळीत कॅल्शियम धरण्याच्या घडणीचे पाच 'हात' असतात. गंमत म्हणजे पाचवा हात कॅल्शियम धरतच नाही. तो मोठ्या भागाच्या पाचव्या हाताला घट्ट धरून ठेवतो.

पुस्तकांत या छोट्या भागाला 'नियामक' म्हणतात. मला ते नाव अपुरं वाटतं. कॅनडातल्या किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठातल्या गटाने उंदरांमधलं हे जनुक काढून टाकलं आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. छोटा भाग नसल्यामुळे दोन्ही कॅल्पेन्सचं काम थांबलं. गर्भ अकराव्या दिवसाच्या आसपास मेले. रक्तवाहिन्या नीट घडल्याच नव्हत्या. याउलट फक्त कॅल्पेन-१ नसलेले उंदीर जन्मले, वाढले आणि सुरुवातीला जवळपास धडधाकटच वाटले. माणसात मात्र तसं नाही. कॅल्पेन-१ चं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं, तर पाय ताठरत जाणारा आनुवंशिक आजार होतो, हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं.

आता हे सगळं तुम्ही का वाचावं? स्ट्रोकमुळे. निरोगी चेतापेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं, आणि ते तसं ठेवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करत असते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की ऊर्जा संपते आणि कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो. मग कॅल्पेनला आवरणारं कुणी उरत नाही. पेशीच्या आवरणाला आतून आधार देणारं स्पेक्ट्रिन नावाचं प्रथिन ते कापू लागतं. त्याचे तुकडे मेंदूच्या इजेची खूण म्हणून मोजता येतात.

मग कॅल्पेन बंदच केलं तर? २०१३ मध्ये कॅनडातल्याच संशोधकांनी उंदरांच्या फक्त मेंदूतून कॅपएनएस-१ काढून पाहिलं. इजेनंतर चेतापेशी जास्त तगल्या. पण त्याच उंदरांच्या चेतापेशींच्या फांद्या विरळ झाल्या होत्या आणि जागा लक्षात ठेवण्यात ते मागे पडले. त्याआधी, २००७ मध्ये, आणखी एक गोष्ट दिसली होती: हे जनुक नसलेल्या पेशींना आपल्या आवरणाला पडलेली भोकं बुजवता येत नाहीत. पेशी मारणारं आणि पेशी सांधणारं हत्यार एकच आहे.

स्ट्रोकसाठी कॅल्पेन रोखणारं एकही औषध अजून वापरात नाही, त्याचं एक कारण हे आहे. कॅलिफोर्नियातले मिशेल बॉड्री आणि शाओनिंग बी यांचं म्हणणं असं, की मेंदूत कॅल्पेन-१ बरंचसं रक्षणाचं काम करतं आणि नासधूस करतं ते कॅल्पेन-२. म्हणून फक्त दुसऱ्यालाच रोखणारे रेणू ते तपासत आहेत. बोथट बाजू दोघांची एकच असल्याने तिथे हात घालून भागत नाही. निवड धारेच्या पात्यांतच करावी लागते, आणि ती दोन पाती सख्ख्या बहिणींइतकी सारखी आहेत.