औषधाची ओळख पाकिटावर

पैठणच्या औद्योगिक वसाहतीत अजंता फार्माच्या कारखान्यात तयार होणाऱ्या, आर्टेमेथर व ल्युमेफँट्रिन हे दोन घटक असलेल्या हिवतापावरील गोळ्यांना जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता, म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदीसाठी गुणवत्ता पारखून दिलेली संमती, मिळालेली आहे. देशाबाहेर पाठवल्या जाणाऱ्या अशा औषधाच्या पाकिटावर घटकाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, मुदत आणि साठवणुकीचे तापमान छापलेले असते. याउलट त्याच पैठणहून दुबईला किंवा अमेरिकेतील मुलाकडे निघालेला प्रवासी पुष्कळदा जागा वाचवण्यासाठी गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत भरतो आणि औषधाची ही सारी ओळख घरीच टाकून जातो.

ही ओळख पहिल्यांदा मागितली जाते ती विमानतळावर. वेदनाशामक ट्रॅमाडॉल, काही खोकल्याच्या औषधांतील कोडीन आणि झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिले जाणारे अल्प्राझोलम ही औषधे सवय लावणारी असल्याने अनेक देशांत नियंत्रित आहेत. भारतातही ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधे नेण्यासाठी तेथील शासनाची परवानगी प्रवासापूर्वी घ्यावी लागते, तर जपानमध्ये सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असल्यास ती गोळी पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. त्यामुळे येथे सहज मिळणारे औषध तेथेही चालेल, हे गृहीतक धोक्याचे ठरते.

व्यापारी नाव देशागणिक बदलत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक औषधी द्रव्याला एक सामाईक नाव सुचवते. अशा नावांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही अपवाद उरतात. भारतातील पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने विकले जाते, आणि ही दोन नावे एकाच द्रव्याची आहेत हे न कळल्यास घरून नेलेली तापाची गोळी व तेथे घेतलेले सर्दीचे औषध मिळून मात्रा दुप्पट होऊन यकृताला इजा पोहोचू शकते. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्यापारी नावासोबत द्रव्याचे नाव, मात्रा आणि आजार इंग्रजीत लिहून घेणे आवश्यक असते.

पाकिटावरील तापमानाची सूचनाही तितकीच महत्त्वाची असते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि उन्हात उभ्या मोटारीत तो त्याहूनही चढतो, तर विमानाच्या सामानकक्षात औषध गोठण्याची शक्यता असते. इन्सुलिन हे प्रथिन असल्याने गोठल्यावर त्याची रचना बिघडते आणि वितळल्यावरही ते भरवशाचे राहत नाही. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात, पण बर्फाला न टेकवता ठेवावे आणि हातातील बॅगेतच न्यावे. शंभर मिलिलिटरहून अधिक द्रव नेण्यावरील बंधनातून आवश्यक औषधांना साधारणतः सूट मिळते. मात्र ती सुरक्षा तपासणीत आधी सांगून दाखवावी लागतात.

वेळेचा हिशेबही करावा लागतो. पश्चिमेकडे जाताना प्रवाशाचा दिवस लांबतो व पूर्वेकडे जाताना आखूड होतो. दुबईच्या दीड तासाच्या फरकाने विशेष बिघडत नसले, तरी न्यूयॉर्कहून पूर्वेकडे परतताना साडेनऊ ते साडेदहा तासांच्या फरकात इन्सुलिनच्या दोन मात्रा जवळ येऊन रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यासाठी मात्रांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

औषधाची ओळख सोबत ठेवण्याचा नियम काढे, भस्मे आणि घरगुती चूर्णे यांनाही लागू होतो. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. पुडीत बांधलेल्या अनामिक चूर्णात काय आहे हे तपासणी अधिकाऱ्याला सांगता येत नाही, आणि प्रवासी बेशुद्ध पडल्यास तेथील डॉक्टरालाही ते ओळखता येत नाही. मूळ पट्टी, चिठ्ठी आणि मुक्कामाला पुरून थोडा उरेल इतकाच साठा एवढे सोबत असले, तर दोघांचेही काम सोपे होते.