यात्रेचा व्हिडिओ वर्षभर सापडला, तरच प्रायोजकाचं नाव टिकतं

यात्रा संपली की फ्लेक्स उतरतात. कुस्तीला बक्षीस देणाऱ्या दुकानदाराचं नाव मग यूट्यूबवरच्या व्हिडिओतच उरतं. मी मागं ‘कुस्ती पार्ट ३’ एवढंच नाव देऊन व्हिडिओ टाकला. पुढच्या वर्षी प्रायोजकानं विचारलं, "दादा, आमचं नाव दिसतंय कुठं?" शोधून मलाच सापडेना. त्यानं त्या वर्षी हात आखडता घेतला.

यूट्यूब शोधताना शीर्षक आणि खालची माहिती बघतं, लोक व्हिडिओ किती वेळ बघतात तेही बघतं. म्हणून एवढं करा:

• शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. गाव, तालुका, मैदान, पैलवानांची नावं आणि साल लिहा.
• माहितीच्या पहिल्या दोन ओळींत प्रायोजकाचं दुकान आणि गाव टाका. बाकीचा मजकूर दाबल्याशिवाय दिसत नाही.
• बरेच जण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. गावाचं नाव दोन्ही लिपींत द्या.
• मोठ्या व्हिडिओत कुस्तीनुसार वेळ लिहा. पहिली नोंद शून्यापासून, नोंदी किमान तीन, प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा.
• पैसे घेतले असतील तर सशुल्क जाहिरातीच्या चौकटीत टिक करा. तो नियमच आहे.

जुने व्हिडिओ काढून टाकू नका. यूट्यूब स्टुडिओत शीर्षक बदलता येतं; लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात.

यंदा प्रायोजकाकडं जाताना त्याच्याच मोबाइलवर त्याचं नाव शोधून दाखवा.