काशीतला नवा शास्त्रार्थ

काशीला दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत माझे माहेर आहे. गल्लीत हिंदी आणि उंबरठा ओलांडला की मराठी, असा आमच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गेले, तेव्हा मात्र उंबरठ्याच्या आत कोणतीच भाषा ऐकू येईना. दादाचा मुलगा पुढच्या खोलीत जेवत होता, भाऊचा मुलगा मागच्या खोलीत. दोघी वहिनी एकाच ओट्यापुढे उभ्या, पण बोलत होती ती फक्त भांडी!

"वहिनी, अहो झालंय तरी काय?" मी थोरल्या वहिनींना हळूच विचारले.

"काय व्हायचंय, वन्सं? मशीन अजून दुकानातच आहे, पण भांडण आधीच घरी येऊन बसलंय."

झाले होते ते असे. दोन्ही नातू चांगल्या गुणांनी पास झाले, तर पेन्शनच्या शिलकीतून व्हिडिओ गेमचा कन्सोल घेऊन देईन, असे नानांनी कबूल केले होते. अट एकच, दोघांत मिळून एक. दोघे पास झाले. पण थोरल्याला हवा होता मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि धाकट्याला सोनीचा प्लेस्टेशन. भारतात दोन्ही बाजारात आले, तेव्हा एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि डिस्कवाला प्लेस्टेशन 5 या दोघांचीही किंमत 49,990 रुपये होती. त्यामुळे स्वस्त-महागाचा निकाल लावायचीही सोय नव्हती.

थोरला म्हणे, "एक्सबॉक्सची ताकद बारा टेराफ्लॉप्स, तुझ्या प्लेस्टेशनची जेमतेम सव्वादहा." धाकटा म्हणे, "माझ्यातली साठवणीची ड्राइव्ह तुझ्यापेक्षा दुप्पट वेगाने माहिती वाचते." दोघांचेही आकडे खरे होते. पण आकड्यांवरून गोष्ट अकलेवर गेली, अकलेवरून संस्कारांवर, आणि 'तुझ्या वडिलांना तरी काय कळतं' इथपर्यंत पोचली. मग काय, एकत्र कुटुंबात ठिणगी पडायला किती वेळ लागतो?

वाद, जल्प आणि वितंडा

नाना जन्मभर संस्कृत शिकवत आले. संध्याकाळी त्यांनी दोन्ही नातवांना समोर बसवले.

"काशीत वाद घालायला बंदी नाही," ते म्हणाले. "नागपंचमीला नागकुव्यावर विद्वान शास्त्रार्थ करत आलेत. पण न्यायशास्त्रात वादाच्या तीन जाती सांगितल्यात. सत्य शोधायला केला तो वाद. जिंकायला केला तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं, ती वितंडा. तुमचं कुठलं चाललंय?"

दोघांच्या माना खाली.

"उद्या आरतीनंतर पुन्हा बसायचं. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं. तेही असं, की समोरच्यानं 'हो, मला हेच म्हणायचंय' असं कबूल केलं पाहिजे. ज्याला ते जमणार नाही, त्याला स्वतःची बाजू मांडता येणार नाही."

भांडण जुनेच आहे

वाचकहो, हे भांडण आजचे नाही. 1990 च्या सुमारास अमेरिकेत सेगा आणि निन्टेन्डो या दोन जपानी कंपन्यांच्या चाहत्यांत असेच रणकंदन माजले होते. शाळेच्या मैदानात मुले एकमेकांचे कन्सोल उणे काढत. सेगाच्या यंत्रात मोटोरोलाचा 68000 हा प्रोसेसर होता आणि त्याचा वेग निन्टेन्डोच्या सुपर यंत्रातल्या प्रोसेसरच्या साधारण दुप्पट. सेगाने जाहिरातींत वेगाचाच डंका पिटला. तरीही जगभरच्या खपात निन्टेन्डोचे यंत्र पुढे राहिले. रंग आणि आवाज यांत ते सरस होते. गंमत म्हणजे त्यातली आवाजाची चिप सोनीने बनवलेली होती!

आपल्याकडे त्या काळी या बड्या यंत्रांची नावेही फार थोड्यांना ठाऊक. 1983 साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या आठ बिटी नकला मात्र गावोगाव पोचल्या होत्या. तशीच एक भाऊने गोदौलियाच्या बाजारातून आणली होती. सोबतच्या कार्ट्रिजवर '9999 इन 1' असे छापलेले, आणि आत तेच पाच-सहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा! खेळ अडला की कार्ट्रिज काढून फुंकर मारायची. ऐन रंगात वीज गेली की दादा आणि भाऊ एकमेकांवर खापर फोडायचे. आज तेच दोघे मुलांपायी अबोला धरून बसले होते.

मोठा आकडा, मोठी गंमत?

दुसऱ्या दिवशी मुलांनी माहितीचा ढीग जमवला. मीही त्यांच्याबरोबर बसले आणि बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या.

प्रोसेसरचा आकडा मोठा म्हणजे यंत्र श्रेष्ठ, हा हिशेब इतिहासाने वारंवार खोटा पाडला आहे. 2006 साली आलेल्या निन्टेन्डोच्या 'वी'चा प्रोसेसर 729 मेगाहर्ट्‌झचा, तर सोनीच्या प्लेस्टेशन 3 आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 चा 3,200 मेगाहर्ट्‌झचा. तरी 'वी' दहा कोटींहून अधिक खपला. बाकीच्या दोघांपैकी एकालाही नऊ कोटींचा आकडा गाठता आला नाही. हात हलवला की पडद्यावर टेनिसची बॅट हलते, एवढी साधी युक्ती आजी-आजोबांनाही आवडली.

आणि ज्या सेगासाठी मुले हमरीतुमरीवर आली, तिने 2001 साली कन्सोल बनवणेच थांबवले. त्याच वर्षी तिचा लाडका सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर खेळायला आला. मालकांची दिलजमाई झाली, मित्रांची भांडणे तेवढी आठवणीत राहिली!

पण सर्वांत मोठी मौज पुढेच होती. ज्या दोन यंत्रांवरून आमचे घर दुभंगले, त्या दोन्हींचे मुख्य प्रोसेसर एकाच कंपनीच्या, म्हणजे एएमडीच्या, 'झेन 2' या एकाच घडणीचे आहेत! हे वाचल्यावर दोन्ही मुले प्रथमच एकमेकांकडे पाहून हसली.

मग 'टेराफ्लॉप' म्हणजे काय? दशांशातली एक लाख कोटी गणिते एका सेकंदात करण्याची क्षमता म्हणजे एक टेराफ्लॉप. ही ताकद खेळापुरतीच असते असे नाही. 2010 साली अमेरिकेच्या हवाई दलाने 1,760 प्लेस्टेशन 3 जोडून एक महासंगणक उभारला होता. आमच्या घरापासून काही मैलांवर, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या आयआयटीत, 'परम शिवाय' हा महासंगणक 2019 सालापासून आहे. राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतला हा पहिलाच. त्याची क्षमता आठशे टेराफ्लॉप्सहून अधिक, आणि तो घडवला पुण्याच्या सी-डॅकने. महासंगणकाची मोजणी अधिक काटेकोर असते, म्हणून खेळाच्या यंत्राशी त्याची सरळ तुलना करता येत नाही. पण नाना खुलून म्हणाले, "शिवराज्याभिषेकाला काशीहून गागाभट्ट गेले, आता पुण्याहून परम आला. फिटंफाट झाली!"

पूर्वपक्ष

आरती झाली. धाकट्याने एक्सबॉक्सची बाजू मांडली. "दादाचं म्हणणं असं, की त्याच्यावर जुन्या यंत्रांवरचे पुष्कळ खेळही चालतात. महिन्याची वर्गणी भरली की ढीगभर खेळ मिळतात. नवी डिस्क चार-पाच हजारांची असते, तर नानांना सारखा खर्च नको."

थोरला चकित झाला. "हो, मला हेच म्हणायचं होतं. पण मी टेराफ्लॉप्सच बोलत बसलो."

मग थोरल्याची पाळी. तो आधी वेगाबद्दल बोलला, मग अडखळला. "खरं सांगू? याच्या वर्गातल्या सगळ्या मित्रांकडे प्लेस्टेशन आहे. जुलैत मी कॉलेजसाठी पुण्याला जाणार. मग घरात याच्याबरोबर खेळायला कोणी नाही. प्लेस्टेशन असला तर मित्रांबरोबर तरी खेळता येईल. हेच ना रे?"

धाकट्याने मान हलवली, पण तोंडातून शब्द फुटला नाही. डोळे भरून आले होते. थोरल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि भाऊ उगाचच पंख्याचे बटण चाचपू लागला.

निकाल नानांना द्यावाच लागला नाही. थोरला म्हणाला, "प्लेस्टेशन घ्या. पण दुसरा कंट्रोलरही घ्या. जुलैपर्यंत दोघं खेळू."

पालकांनो, मुले यंत्रावरून भांडू लागली की आपण एक तर यंत्राला शिव्या देतो, नाही तर मुलांना. त्याआधी दोघांना समोर बसवून एकमेकांचे म्हणणे मांडायला सांगून पाहा. घेण्यापूर्वी हेही विचारा, की खेळणार कोण, कोणाबरोबर, किती वेळ, आणि यंत्रानंतर दर महिन्याला खर्च किती. टेराफ्लॉप्स त्यानंतर.

दोन्ही वहिन्यांचा अबोला सुटायला मात्र आणखी आठ दिवस लागले. नाना म्हणाले, "त्यांना शास्त्रार्थाला बसवायची माझी छाती नाही बुवा!"