कासव तलावात सोडण्याआधी

गोंदिया जिल्ह्यात घरातले कासव सांभाळणे जड जाऊ लागले की त्याला कुठे सोडायचे, याचे उत्तर समोरच पसरलेले दिसते. नवेगावबांधच्या विस्तीर्ण जलाशयापासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांपर्यंत, पाण्याची इथे वाण नाही. कोहळी समाजाच्या जाणकारांनी काही शतकांपूर्वी बांधलेले हे तलाव आजही धानाला पाणी देतात आणि धीवरांच्या घरात मासळी आणतात. कासव पाण्यातले, तलाव पाण्याचा, सोडून दिले की पुण्यही पदरात! हा हिशेब सरळ वाटतो, पण बहुतेक वेळा तो चुकतो. कधी सोडलेले कासव मरते, तर कधी त्या कासवापायी तलावातल्या मूळ रहिवाशांवर संक्रांत येते.

चूक होते ती कासव न ओळखल्यामुळे. आपल्याकडच्या घरांत साधारणपणे तीन तऱ्हेची कासवे सापडतात आणि तिघांचे जगणे एकमेकांपासून फार वेगळे आहे.

पहिले तारा कासव. घुमटासारखी उंच, टणक पाठ. पाठीच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यातून फुटणाऱ्या पिवळ्या रेषा. पाय खांबासारखे, बोटांमध्ये पडदे नाहीत. हे पूर्णपणे जमिनीवरचे कासव आहे. गवत, पाने, गळलेली फुले-फळे हे त्याचे खाणे. त्याचे मूळ घर वायव्य भारत, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या कोरड्या झुडपी माळांवर. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात टाकले तर ते बुडून मरते. ‘कासव म्हणजे पाण्यातला जीव’ या समजुतीने तारा कासवाला तलावात सोडणारा माणूस नकळत त्याचा जीवच घेत असतो.

दुसरे आपल्या तलावांतले देशी पाणकासव, ज्याची पाठ चपटी, गुळगुळीत आणि कातड्यासारखी असते. नाक डुकराच्या नाकासारखे पुढे आलेले. त्याला उलटे केले की पोटाच्या मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा दिसतात. पाय आत ओढले की या झडपा मिटतात आणि पाय झाकले जातात. तलाव आटला की ते चिखलात स्वतःला पुरून घेते आणि पावसाची वाट पाहते. बेडूक, मासे, गोगलगायी, पाणवनस्पती, मेलेले जनावर, काहीही ते खाते. मासेमारीच्या जाळ्यात ते वरचेवर अडकते आणि तिथून कुणाच्या तरी विहिरीत किंवा हौदात येऊन पडते.

तिसरा पाहुणा परदेशी, लाल कानाचा स्लायडर. मूळ अमेरिकेतला. शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानात हिरवेगार, तळहातावर मावणारे पिल्लू म्हणून विकले जाते. डोळ्यामागचा लाल पट्टा ही त्याची खूण, पण वय वाढले की रंग काळपट होतो आणि ही खूणही पुसट होते. मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि आयुष्य २०–३० वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक. काचेच्या छोट्या पेटीत आणलेले पिल्लू तीन-चार वर्षांत पेटीत वळेनासे होते. पाण्याला वास येऊ लागतो, मुलांचा उत्साह ओसरतो आणि मग तलाव आठवतो.

विदर्भात कासवामागे आणखी एक भानगड लागलेली आहे. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो, अशी थाप मारून भोंदू लोक कासवे मिळवतात आणि विकतात. जरा नखे मोजून पाहावीत. तारा कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे एकूण १८. चपट्या पाठीच्या देशी पाणकासवाच्या प्रत्येक पायाला तीनच, एकूण १२. वीस नखांची ही गोष्ट निव्वळ फसवणूक आहे आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही तिच्यापायी जीव जात आहेत, हे संतापजनक आहे.

आता स्लायडर तलावात गेला तर काय होते? फ्रान्समध्ये काडी आणि जोली या दोन संशोधकांनी तिथली देशी तळ्यातली कासवे आणि स्लायडर एकत्र ठेवून पाहिले. २००३ आणि २००४ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. ऊन खायच्या चांगल्या जागा स्लायडरांनी बळकावल्या. एकत्र ठेवलेल्या गटांत देशी कासवांचे वजन घटले आणि त्यांच्यात मृत्यू वाढले. कासवाला ऊन ही चैन नसते. बाहेरच्या उष्णतेवरच त्याचे पचन आणि हालचाल चालते. उन्हाची जागा गेली की खाल्लेलेही अंगी लागत नाही. युरोपीय संघाने तर १९९७ मध्येच या कासवाची आयात थांबवली होती. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. केरळात ते ओढ्या-कालव्यांत दिसू लागल्यावर पीची येथील राज्य वन संशोधन संस्थेने लोकांकडून अशी कासवे गोळा करायला सुरुवात केली.

गोंदियाला याची चिंता अधिक असायला हवी. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत धीवर महिलांनी तलावांतले बेशरम नावाचे तण उपटून तळाशी देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण त्या वनस्पतींच्या आधाराने देशी मासळी वाढते. गुडघाभर चिखलात उभे राहून केलेले हे काम आहे. लहानपणी मांस आणि मोठेपणी पाणवनस्पतींवर ताव मारणारे परदेशी कासव अशा तलावात सोडणे म्हणजे त्या बायांच्या मेहनतीवर पाणी फिरवणे होय.

तलाव नको, मग दुसरा मार्ग लोकांना सुचतो तो ओळखीच्या घरी कासव देऊन टाकण्याचा. ‘त्यांच्याकडे आधीच एक आहे, त्याला जोडीदार होईल.’ ही सद्भावना कासवाच्या बाबतीत लागू पडत नाही. कासवे बहुतेक एकटी राहणारी. त्यांना सोबतीची ओढ नसते, उलट जागेसाठी आणि खाण्यासाठी ती एकमेकांना चावतात, ढुशा मारतात. त्यात जाती वेगळ्या असल्या तर अडचण दुप्पट. तारा कासवाला कोरडी जमीन आणि गवत हवे, स्लायडरला खोल पाणी आणि बसायला फळी, चपट्या पाणकासवाला मऊ चिखल. एकाच हौदात तिघांची सोय करणे अशक्य आहे. स्लायडरसाठी टाकलेले माशांचे खाद्य तारा कासवाने खाल्ले तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. दूध-पोळी आणि ब्रेड तर कुणालाच देऊ नयेत.

रोगांचा धोका याहून मोठा. एका जातीच्या अंगात निमूट राहणारा जंतू दुसरीला संपवतो. भूमध्य समुद्राकाठची ग्रीक कासवे एक प्रकारचा हर्पिस विषाणू फारसा त्रास न होता बाळगतात. त्याच विषाणूची लागण शेजारच्या हर्मन कासवांना झाली की ती पटापट मरतात. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात नाक वाहण्याचा, श्वासाचा एक रोग रानटी कासवांत पसरला. माणसांनी सोडून दिलेल्या पाळीव कासवांमुळे तो पसरला असावा, असे तिथल्या अभ्यासकांचे मत आहे. १९९० साली त्या कासवांना संरक्षित यादीत घालताना जी कारणे विचारात घेतली गेली, त्यांत हा रोगही होता. म्हणूनच जाणते लोक नवे कासव आले की काही महिने ते वेगळे ठेवतात आणि त्याची भांडी, पाणी, हातमोजेही वेगळे ठेवतात. माणसांनाही कासवापासून साल्मोनेलाची लागण होऊ शकते. लहान मुलांना होणाऱ्या या आजारामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. तारा कासव आणि चपट्या पाठीचे देशी पाणकासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांच्या गुन्ह्यात तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. म्हणजे ती घरात ठेवता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि शेजाऱ्याला भेटही देता येत नाहीत. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे, असे कायदा सांगतो. जंगलात नेऊन सोडणे हाही उपाय नव्हे. नागझिऱ्याच्या रानात तारा कासव सोडले तर ते आपल्या मुलखात पोहोचत नाही, आणि सोबत आणलेला रोग मात्र तिथे पोहोचतो.

कासव त्याच्या मुलखात परत नेण्याचे काम नीट केले तर किती खटपटीचे असते, ते २०१८च्या नोव्हेंबरात दिसले. तस्करीतून सिंगापूरला गेलेली ५१ तारा कासवे तिथल्या आणि इथल्या संस्थांनी विमानाने बंगळुरूला परत आणली. कर्नाटक वन विभागाच्या देखरेखीखाली त्यांना आधी वेगळे ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली.

स्लायडरची गोष्ट वेगळी. परदेशी असल्याने देशी कासवांचे नियम त्याला तसेच्या तसे लागत नाहीत. पण परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि प्रसार रोखण्याचा अधिकार २०२२च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे. त्याला दत्तक घेणारे घर मिळणे कठीण. मिळालेच, तर तिथे दुसऱ्या जातीचे कासव नाही, याची खात्री करावी. नाहीतर सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे त्याला स्वतःच शेवटपर्यंत सांभाळणे. मोठी टाकी, पाणी गाळण्याची सोय, वर चढून बसायला कोरडी फळी आणि रोजचे थेट ऊन एवढे त्याला लागते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही. कवच घट्ट करणारे किरण काच अडवते.

देशी कासव घरात असेल किंवा जाळ्यात सापडले असेल, तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक लावावा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे. आजारी वन्यप्राण्यांवर उपचार करणारी केंद्रे नागपुरात सेमिनरी हिल्सवर आणि गोरेवाड्याला आहेत. कर्मचारी येईपर्यंत कासव भोके पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवावे. एका खोक्यात एकच. तारा कासवाच्या खोक्यात कोरडा कागद घालावा, पाणकासवासाठी ओले फडके. पाण्याने भरलेली बादली नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच. घरात ते किती दिवस होते, काय खात होते, सोबत दुसरे कोणते कासव होते का, हे न लपवता सांगावे. त्यावरच पुढचे उपचार ठरतात.