श्रीपाद पर्वत

पर्वताचें मोठेपण केवळ उंचीवरून ठरत नाहीं. याचें एक उत्तम उदाहरण म्हणून श्रीलंकेंतील श्रीपाद पर्वताची माहिती आम्ही येथें देत आहों. त्या बेटांतील सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागल हें २,५२४ मीटर उंच आहे. श्रीपादाची उंची २,२४३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारें ६०० मीटर अधिक. तरी त्या देशांत याच्याइतका मान दुसऱ्या कोणत्याही शिखरास नाहीं.

हा पर्वत बेटाच्या दक्षिण-मध्य भागांत दाट अरण्यांतून सुळक्यासारखा वर निघाला आहे. केलणी, कळू व वळवे या नद्या याच पर्वतप्रदेशांत उगम पावतात. सभोंवतालच्या अरण्यासह या प्रदेशाची गणना २०१० सालीं जागतिक वारशांत झाली.

शिखरावरील खडकांत पावलाच्या आकाराचा, सुमारें १.८ मीटर लांबीचा एक खळगा आहे. बौद्ध लोक तें भगवान बुद्धांचें पाऊल मानितात. हिंदु लोक शिवाचें मानितात. स्वर्गांतून बाहेर पडल्यावर आदाम प्रथम येथें उतरला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे; इंग्रजी नकाशांतील ‘अ‍ॅडम्स पीक’ हें नांव त्यावरूनच पडलें. ख्रिस्ती लोकांपैकीं कित्येकांनीं तें संत थोमाचें मानिलें आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४४ सालीं हा पर्वत चढला. अवघड चढणीवर यात्रेकरूंच्या आधारासाठीं लोखंडी सांखळ्या तेव्हांही होत्या.

यात्रा मार्गशीर्षी पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालते. पुढें पावसाळ्यामुळें वाट बिकट होते. यात्रेकरू हजारों पायऱ्या रात्रींच चढूं लागतात व सूर्योदयास माथ्यावर पोंचतात. त्या वेळीं पश्चिमेकडे पर्वताची छाया त्रिकोणाकृति दिसते. छायेच्या कडा दूरवर पसरत गेल्यामुळें, आगगाडीच्या रुळांप्रमाणें, त्या एका बिंदूस मिळाल्यासारख्या भासतात. म्हणून हा आकार दिसतो. माथ्यावर एक घंटा आहे. आजवर जितक्या वेळां चढून आलों, तितके टोल द्यावे, अशी तेथील रीत आहे.

पूजेची व्यवस्था बौद्ध भिक्षूंकडे असली, तरी इतर धर्मीयांस वाट मोकळी आहे. पाऊल कोणाचें, याविषयीं चौघांचीं मतें चार आहेत. पण पायऱ्या त्याच, सांखळी तीच, आणि दमलेल्यास हात देणारा कोणत्या धर्माचा, हें अंधारांत कोणी विचारीत नाहीं. आपल्या शाळेंतही निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. आपली श्रद्धा न सोडतां शेजाऱ्याच्या श्रद्धेस जागा कशी द्यावी, हा धडा त्यांनीं या पर्वतापासून अवश्य घ्यावा, अशी आमची विनंति आहे.