इंचपट्टीवर मोजलेली लय

फीत दुप्पट वेगाने वाजवली, की सूर बरोबर एक सप्तक वर चढतो. या साध्या नियमावर डेलिया डर्बीशर यांनी १९६३ साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचं शीर्षकसंगीत उभं केलं. चाल रॉन ग्रेनर यांची. सिंथेसायझर नव्हताच. छेडलेल्या एकाच तारेचा आवाज, ऑसिलेटरचे सूर, रेडिओच्या खरखरीसारखा गोंगाट हे सगळं हव्या त्या वेगाने पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं, ब्लेडने कापायचं, चिकटवायचं. फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर पाव सेकंदाचा सूर म्हणजे पावणेचार इंचांचा तुकडा! केंब्रिजला गणित आणि संगीत दोन्ही शिकलेल्या बाईंनाच हे सुचावं.

थक्क झालेल्या ग्रेनर यांना श्रेय वाटून घ्यायचं होतं. बीबीसीच्या नियमांनी ते होऊ दिलं नाही. मालिकेत पडद्यावर डेलियांचं नाव झळकलं २०१३ साली, त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी. हे मला फार खुपतं. कारण तोवर ‘ऑर्बिटल’सारखे इलेक्ट्रॉनिक कलाकार तीच धून भर मैफलीत वाजवत होते आणि हजारो तरुण तिच्यावर नाचत होते.